अंधाऱ्या खोलीतली विद्या

म्हैसूर नगरीचे नाव निघाले की दसऱ्याचे हत्ती, चंदनाचा दरवळ आणि चामुंडीची टेकडी एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण 'आकाशवाणी' हा शब्दही याच नगरीची देणगी आहे, याची आठवण फार थोड्यांना असते. १९३५ साली येथील महाराजा महाविद्यालयातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरी लहानसे प्रक्षेपण केंद्र थाटले आणि त्याला हे नाव दिले. पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने ते उचलले. डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींवर बसून माणसाचा आवाज शेकडो कोस जातो. तशाच न दिसणाऱ्या, पण कितीतरी तोकड्या लहरी माणसाच्या कातडीआडचे हाड उजेडात आणतात. या दुसऱ्या लहरींशी ज्यांचा रोजचा व्यवहार, त्या रेडिओग्राफरांच्या विद्येचा इतिहास मोठा विलक्षण आहे. कारण ही विद्या प्रथम ज्यांनी शिकवली त्यांच्यापैकी अनेकांनी तिची फी आपल्या बोटांनी भरली.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्त्सबुर्ग येथील प्रयोगशाळेत विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण सापडले. स्वरूप अज्ञात म्हणून बीजगणितातल्या अज्ञात राशीचे अक्षर त्यांनी त्यांना दिले. मराठीने त्यासाठी 'क्ष' घेतला, कन्नडनेही तोच घेतला. योगायोग असा, की ज्या रोगाचा माग काढण्यासाठी म्हैसूर संस्थानात या किरणांचा सर्वांत अधिक उपयोग व्हायचा होता, त्या क्षयाचे आद्याक्षरही तेच.

शोधाची वार्ता वाऱ्यासारखी पसरली. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर यांनी वायव्य सरहद्दीवर हे यंत्र नेऊन जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या हुडकल्या. परंतु यंत्र आले म्हणजे विद्या आली असे नव्हे. ते चालवावे कोणी, हा प्रश्न पहिली पंचवीस वर्षे कोणी गांभीर्याने विचारलाच नाही. कोठे डॉक्टर स्वतः कळ दाबीत, कोठे विजेचा मिस्त्री, कोठे छायाचित्रकार. नळीतून किरण नीट येतात की नाहीत हे पाहण्याची त्या काळची रीत म्हणजे चकाकत्या पडद्यापुढे आपलाच हात धरायचा आणि हाडे स्पष्ट दिसतात का ते बघायचे! दिवसातून दहा वेळा, वर्षानुवर्षे तोच हात. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली याचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली तो गेला. एडिसनने त्या कामाला पुन्हा हात लावला नाही. फिलाडेल्फियाचे डॉक्टर मिहरान कसाबियन यांनी आपल्याच झिजत चाललेल्या हातांची छायाचित्रे काढून ठेवली. तेही १९१० मध्ये निवर्तले. १९३६ साली हँबर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात अशा बळींचे स्मारक उभारले गेले, तेव्हा त्यावर १६९ नावे कोरली होती. रेडिओग्राफरचे शिक्षण हवे, ही जाणीव त्या दगडाच्या मुळाशी आहे.

रीतसर शिक्षणाची गरज पहिल्या महायुद्धाने पटवली. मादाम क्यूरी यांनी क्ष-किरण यंत्रे मोटारींवर चढवून आघाडीकडे धाडली, आणि लगेच त्यांच्या ध्यानात आले की यंत्रे पुष्कळ आहेत, पण ती चालविणारी माणसे नाहीत. १९१६ पासून पॅरिसच्या एडिथ कॅव्हेल रुग्णालय-शाळेत त्यांनी सुमारे दीडशे स्त्रियांना तयार केले. थोडे विजेचे ज्ञान, थोडे शारीर, बाकी सारे हाताने करून शिकणे. पुढे १९२० साली लंडनला रेडिओग्राफरांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि हा एक वेगळा पेशा आहे हे मान्य झाले.

हिंदुस्थानात या विद्येची एक दांडगी शाखा दक्षिणेत फुटली. मद्रासच्या सरकारी रुग्णालयात कॅप्टन बर्नार्ड यांच्या परिश्रमातून १९३४ साली त्यांच्याच नावाची क्ष-किरण संस्था उभी राहिली. म्हैसूरची तयारी मात्र वेगळ्या वाटेने झाली होती. क्ष-किरणांना वीज लागते, आणि वीज हे तर या संस्थानाचे भूषण. १९०२ साली कावेरीच्या शिवनसमुद्र प्रपातावर निर्माण झालेली वीज ९२ मैलांवरच्या कोलार सोन्याच्या खाणींना पोचली. १९०५ मध्ये बंगळूरचे रस्ते उजळले, १९०८ मध्ये खुद्द म्हैसूर. अन्यत्र अनेक रुग्णालये बॅटऱ्यांवर भागवीत असता येथे निदान तारा तरी खांबांवर होत्या. १९२४ साली बंगळुरास निघालेले संस्थानचे वैद्यकीय महाविद्यालय १९३० मध्ये म्हैसुरास आले आणि कृष्णराजेंद्र रुग्णालय हे त्याचे शिकण्याचे घर बनले.

पण क्ष-किरणांची निकड या नगरीला ज्या घटनेने तीव्रतेने जाणवली ती राजवाड्यातच घडली. महाराज चौथे कृष्णराज वडियार यांच्या भगिनी राजकन्या कृष्णाजम्मण्णी १९१३ मध्ये क्षयाने मरण पावल्या. त्यांच्या मुलीही त्याच रोगाने गेल्या. ज्या घरात वैद्य, डॉक्टर, पैसा, हवापालट कशाची वाण नव्हती त्या घराची ही गत. राजकन्येच्या स्मरणार्थ १९२१ साली म्हैसुरात क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उघडले. क्षयावर नेमके औषध यायला अजून पाव शतक अवकाश होता. छातीचे क्ष-किरण चित्र काढायचे, डाग कोठे आणि केवढा ते पाहायचे, काही महिन्यांनी पुन्हा काढून दोन्ही शेजारी धरायची, हाच डॉक्टरांचा मोठा आधार. ही दोन चित्रे तंतोतंत एकाच पद्धतीने निघाली नसतील तर तुलना व्यर्थ. डाग वाढला की रोगी जरा तिरपा उभा होता, हे कसे ठरवावे?

येथेच शिकलेल्या माणसाची किंमत कळते. छातीचे चित्र काढताना विद्यार्थ्याला प्रथम शिकवतात ते उभे करणे. रोग्याची छाती फिल्मकडे, पाठ नळीकडे, अंतर सहा फूट. खांदे पुढे वळवलेले, म्हणजे पाठीची फरे फुप्फुसांवरून बाजूला सरतात. हृदय छातीच्या पुढच्या अंगाला, म्हणून ते फिल्मजवळ हवे; नाहीतर त्याची सावली फुगते आणि नसलेला हृद्रोग चित्रात उमटतो. मग श्वास. म्हैसूरच्या रुग्णालयात खेड्यातून आलेली म्हातारी 'उसिरु', म्हणजे श्वास, धरायचा म्हणजे काय हे एका सांगण्यात समजेल असे नाही. विद्यार्थी स्वतः छाती फुगवून दाखवतो, ती हसते, आणि हसू ओसरायच्या आत त्याला कळ दाबावी लागते. हे पुस्तकात नाही. डाव्या-उजव्या बाजूची शिशाची खूण विसरली तर शल्यवैद्याची सुरी कोठे जाईल, हे मात्र पुस्तकातही ठळक छापलेले असते.

दुसरी शाळा अंधाऱ्या खोलीची. संगणकीय चित्रण येण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याचे कित्येक महिने तांबूस दिव्याखाली, डेव्हलपर आणि हायपोच्या वासात जात. रसायनाची ऊब पाहायची, घड्याळ पाहायचे, ओली फिल्म कोपऱ्याला धरून उजेडात न्यायची. घाई केली तर पांढुरके, आळस केला तर काळे. बोटांना पडलेले पिवळे डाग ही त्यांची ओळख. वापरलेल्या हायपोतली चांदी वेगळी काढून विकतात, हे नवख्याला ऐकून मोठे नवल वाटे.

स्वातंत्र्यानंतर या पेशाला नवे क्षेत्र मिळाले. १९५५ ते १९५८ या काळात क्षयाची देशव्यापी पाहणी झाली ती फिरत्या क्ष-किरण गाड्यांच्या बळावर. १९५९ मध्ये म्हैसूर राज्याच्याच राजधानीत, बंगळुरास, राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली आणि तिने जिल्हा क्षय केंद्रांसाठी जी पथके शिकवली त्यांत डॉक्टरांच्या जोडीने क्ष-किरण तंत्रज्ञाला स्थान होते. याच संस्थेने जवळच्या तुमकूर जिल्ह्यात केलेल्या अभ्यासांतून दिसले, की रोगी शोधत गावोगाव हिंडायलाच हवे असे नाही. खोकल्याने बेजार झालेले अनेक लोक आपणहून दवाखान्यात येतात, त्यांची थुंकी तपासली तर जंतू सापडतात. फिल्मवरची सावली म्हणजे रोग नव्हे, हे तंत्रज्ञालाही शिकावे लागले. आपल्या यंत्राचा अधिकार कोठे संपतो हे सांगणारे शिक्षण त्या काळी इतर किती पेशांत दिले जात होते, हा प्रश्नच आहे.

आज म्हैसूरमध्ये ही विद्या पदविका व पदवी या दोन्ही रूपांत, रुग्णालयाच्या छायेतच, शिकवली जाते. वर्गातला तास सुटला की पोरे प्लास्टरच्या रोग्यांमधून वाट काढीत यंत्राकडे धावतात. डेव्हलपरचा वास गेला, चित्र क्षणात पडद्यावर उमटते. मात्र चित्र बिघडले तर पुन्हा काढणे इतके सोपे झाले आहे, की रोग्याला दुप्पट किरण देण्याचा मोहही वाढला आहे. जुन्या अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या किमतीने जो संयम शिकवला तो आता शिक्षकाला शिकवावा लागतो. निमवैद्यकीय पेशांना देशपातळीवर कायद्याचे छत्र मिळाले ते २०२१ साली. तोवर छोट्या गावांतून पाहून-पाहून शिकलेला मनुष्यही तीच कळ दाबत होता, आणि काही ठिकाणी अजून दाबतो.

किरणांचे जे माप हँबर्गच्या त्या १६९ जणांना कोणी सांगितले नाही, ते आता ठरलेले आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि सोळा ते अठरा वयाच्या शिकाऊ मुलाला केवळ ६. विद्यार्थ्याच्या छातीवर, शिशाच्या झग्याखाली, एक लहानसा बिल्ला टाचलेला असतो. झगा काढला की तो खुंटीवर टांगायचा, किरणांच्या खोलीत विसरायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा धडा. दर तीन महिन्यांनी तो बिल्ला मोजणीसाठी प्रयोगशाळेकडे जातो, आणि त्याच्या जागी नवा येतो.