दुनळी बंदूक आणि दोन डोळ्यांची दुर्बीण

नेदरलँड्समधील मिडलबर्ग गावी चष्मे घडवून विकणारा हान्स लिपर्शे हा कारागीर १६०८ च्या शरद ऋतूत आपली दूरदर्शक नळी घेऊन हेग येथे गेला आणि हे साधन घडविण्याचा मक्ता तीस वर्षांपुरता आपणांस मिळावा, अथवा सालिना तनखा तरी बांधून मिळावा, असा अर्ज त्याने तेथील स्टेट्स जनरल या राज्यसभेपुढे गुदरला. स्पेनच्या सत्तेशी चाळीस वर्षे झुंजत असलेल्या त्या प्रांतांच्या कारभाऱ्यांना शत्रूचा तळ दुरून न्याहाळण्याचे मोल कोणी पटवून देण्याची आवश्यकता नव्हती. तथापि अर्जाचा निकाल करण्यापूर्वी त्यांनी अर्जदारास अशी पृच्छा केली की, एक डोळा मिटून पाहण्याऐवजी दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहता येईल असे यंत्र तुला करता येईल काय? लिपर्शेने स्फटिकाची भिंगे घासून तशी यंत्रे करून दिली आणि त्यांचे द्रव्यही त्याच्या पदरी पडले; मक्ता मात्र नामंजूर झाला, कारण हीच युक्ती आपणांसही साधली आहे असे सांगणारे दुसरे कारागीर तोवर पुढे आले होते. दुर्बीण इतिहासाच्या दफ्तरात प्रथम दाखल झाली त्याच वर्षी दोन डोळ्यांच्या दुर्बिणीची मागणीही तेथे नोंदली गेली, आणि ती मागणी युद्धाच्या गरजेतून निघाली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण आज माळरानावर वा खाडीकाठी उभ्या असलेल्या प्रत्येक पक्षिनिरीक्षकाच्या छातीवर रुळणारे हे यंत्र मुळात त्याच्यासाठी कोणीही घडविले नव्हते. सैनिक, खलाशी आणि नाट्यगृहांतील रसिक यांच्यासाठी जे घडले, त्यातून त्याला आपल्या कामाचे तेवढे निवडून घ्यावे लागले.

नाट्यगृहाचे ऋण त्यात पहिले. पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल भिंग असलेली, गॅलिलिओच्या नावाने ओळखली जाणारी रचना अशी की, तीत प्रतिमा सुलट दिसते आणि नळी आखूड राहते, परंतु तीन-चार पटींहून अधिक मोठे करू जावे तर दृष्टिक्षेत्र फार आक्रसते. रंगमंचावरील गायिकेचे मुख न्याहाळण्यास एवढे पुरेसे होते. म्हणून १८२३ साली व्हिएन्नाच्या फोइग्टलेंडरने अशा दोन नळ्या जोडून ऑपेरा-दुर्बीण विक्रीस आणली, आणि दोनच वर्षांनी पॅरिसच्या लमिएर याने मधोमध एक चाक बसवून दोन्ही नळ्यांची नाभी एका बोटाने जुळविण्याची सोय केली. उडत्या पक्ष्यामागे दुर्बीण फिरविताना तर्जनी ज्या चाकावर आपोआप जाते ते चाक आपल्याकडे आले ते तेथून.

याहून अधिक वर्धन हवे असेल तर दोन बहिर्गोल भिंगांच्या केप्लरच्या रचनेकडे वळावे लागे, आणि तीत सारी सृष्टी उलटी दिसे. ही अडचण दूर केली ती इग्नात्सियो पोर्रो या इटालियन अभियंत्याने. आयुष्याची पूर्वार्धातील वर्षे पीदमाँतच्या तोफखान्यात आणि जमीनमोजणीची यंत्रे घडविण्यात घालविलेल्या या गृहस्थाने १८५४ साली अशी योजना मांडली की, काचेचे दोन काटकोनी लोलक एकमेकांशी आडवे-उभे बसवावेत, म्हणजे प्रकाशाचा किरण त्यांत चार वेळा परावर्तित होऊन प्रतिमा वरखाली आणि डावी-उजवी अशी दोन्ही परींनी सुलट होईल, आणि वळसे घेतल्यामुळे हातभर लांबीची नळी वीतभरात मावेल. कल्पना निर्दोष होती, पण तीस साजेशी काच त्या काळी मिळत नव्हती. लोलकातून इंच-इंच जाडीची काच ओलांडताना प्रकाश मलिन होई. जेना विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे अध्यापक अर्न्स्ट आबे यांनी १८७३ च्या सुमारास स्वतंत्रपणे हाच मार्ग धरला आणि याच खडकावर त्यांचे तारू अडले. ते सुटले तेव्हा, जेव्हा ओटो शॉट या काचशास्त्रज्ञाला हाताशी धरून त्यांनी १८८४ साली जेना येथे काचेचा कारखानाच उभारला. १८९३ साली आबे चालवीत असलेल्या झाइस कंपनीने दुर्बिणीच्या स्वामित्वासाठी अर्ज केला तेव्हा पोर्रोची योजना आधीच झालेली असल्याचे निदर्शनास आले, आणि पुढची दोन भिंगे डोळ्यांमधील अंतराहून अधिक दूर बसवून दृश्याची खोली वाढविण्याच्या एकाच मुद्द्यापुरते स्वामित्व १८९४ मध्ये मंजूर झाले. आबे हे गिरणी-कामगाराचे पुत्र. त्यांनी आपल्या कारखान्यात १९०० साली आठ तासांचा कामाचा दिवस सुरू केला, ही गोष्ट दुर्बिणीच्या इतिहासात अप्रस्तुत असली तरी गाळावीशी वाटत नाही.

या साऱ्या काळात पक्ष्यांचा अभ्यास मात्र बंदुकीच्या नळीतून चालला होता. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव काँग्रेसच्या १८८५ सालच्या मुंबईतील पहिल्या अधिवेशनामुळे आपणांस परिचित आहे. त्याच वर्षी त्यांनी सिमल्याच्या आपल्या संग्रहातील हजारो पक्ष्यांची कातडी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला अर्पण केली. त्यांतील जवळजवळ प्रत्येक नमुन्यामागे एक काडतूस होते. अमेरिकेत एलिअट कूझ यांच्या क्षेत्राभ्यासाच्या ग्रंथात अभ्यासकाच्या सरंजामात अग्रमान दुनळी बंदुकीला होता. हे क्रौर्य म्हणून सरसकट निंदणे अन्यायाचे होईल, कारण पंखावरील एका पट्टीवरून दोन जाती वेगळ्या ठरवायच्या, आणि हाती चार पटींचीही चांगली दुर्बीण नाही, अशा स्थितीत पक्षी हाती घेतल्यावाचून निश्चितीने काही सांगताच येत नव्हते. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत शिकारी व निसर्गप्रेमी अशी दोन वेगळी माणसे काढून दाखविणे कठीण आहे.

पालट घडविला तो दोघांनी, आणि त्यांतली पहिली एक तरुण स्त्री होती. स्त्रियांच्या टोप्यांवरील पिसांसाठी होणाऱ्या संहाराने व्यथित झालेल्या फ्लॉरेन्स मेरियम हिने १८८९ मध्ये ऑपेरा-दुर्बिणीतून पक्षी पाहण्याविषयीचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि नाट्यगृहातील खेळणे झुडपापाशी नेऊन उभे केले. दुसरा एडमंड सेलूस. त्याचा बंधू फ्रेडरिक हा आफ्रिकेतील विख्यात शिकारी. एडमंडनेही प्रथम बंदूक वापरली, पुढे ती टाकून दिली, आणि रातव्याच्या एका जोडप्याचे घरटे तासन्‌तास न्याहाळून त्याची टिपणे १८९९ साली छापली. १९०१ च्या आपल्या ग्रंथात त्याने, पक्षी मारून जे कळते त्याहून तो पाहून कळणारे अधिक मोलाचे, असा पक्ष निर्भीडपणे मांडला. शास्त्रज्ञांनी त्याची उपेक्षा केली, पण काळाने त्याचीच बाजू घेतली.

काळाबरोबर युद्धेही आली, आणि आज दुकानात दुर्बीण निवडताना आपण जे आकडे वाचतो त्यांवर त्यांची मोहर आहे. १९१४ मध्ये इंग्लंडात दुर्बिणींचा एवढा तुटवडा पडला की, हिंदुस्थानच्या सैन्याचे पूर्वीचे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी घोड्यांच्या शर्यतींच्या आणि हरणांच्या शिकारीच्या दुर्बिणी फौजेला उसन्या द्या, असे जनतेला आवाहन केले. आरमाराने आपल्यासाठी ७×५० हे प्रमाण पक्के केले. सातपट वर्धन एवढ्यासाठी की, हलत्या डेकवर त्याहून अधिक वर्धन केल्यास प्रतिमा थरथरते, आणि पन्नास मिलिमीटरचे भिंग एवढ्यासाठी की, पन्नासाला सातांनी भागिले असता जी सात मिलिमीटरची प्रकाशाची चकती डोळ्याला मिळते ती अंधारात पूर्ण विस्फारलेल्या तरुण बुबुळाएवढी असते. दुर्बीण हातभर दूर धरून उजळ आभाळाकडे रोखावी, म्हणजे नेत्रिकेत ही चकती स्पष्ट दिसते. ती वाटोळी न दिसता कडांना करड्या छायेने कापलेली दिसली, तर लोलक हलक्या काचेचे आहेत असे समजावे. मचाणावर बसून तिन्हीसांजेला सावजाची वाट पाहणाऱ्या शिकाऱ्याला हीच मोठी चकती हवी असते. पण भल्या सकाळपासून दुपारपर्यंत रान तुडविणाऱ्या पक्षिनिरीक्षकाचे बुबुळ उन्हात दोन-तीन मिलिमीटरवर येते, जादा प्रकाश वाया जातो, आणि गळ्यात किलोभर ओझे उगाच लोंबत राहते. म्हणून त्याने भूदलाच्या दुर्बिणींची भावंडे असलेली ८×३० ही हलकी जात पसंत केली. झाइसची १९२० पासूनची डेल्ट्रिंटेम तिच्यात आदर्श ठरली. वटवट्यासारखा चंचल पक्षी पानोपानी शोधायचा तर वर्धनापेक्षा दृष्टिक्षेत्राची रुंदी अधिक कामाची, ही गोष्ट दहापटीच्या आकड्याला भुलणाऱ्या नवशिक्याने दुकानातच ध्यानी घ्यावी.

काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे दहा पृष्ठभाग ओलांडता ओलांडता एकतृतीयांश गळतो. ही गळती रोखणारा सूक्ष्म लेप झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधून काढला, आणि जर्मन सैन्याने तो काही काळ गुप्त राखिला. जुन्या बाजारातील दुर्बिणीच्या भिंगावर निळसर वा जांभळट झाक दिसते ती या लेपाची. ती नसेल तर यंत्र नामांकित असूनही पावसाळी सकाळी निराशाच करील.

आपल्याकडे या पालटाचे प्रत्यक्ष रूप पाहावयाचे तर अलिबागजवळच्या किहीम गावी जावे. बर्लिनमध्ये पक्षिशास्त्रज्ञ श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकून १९३० साली परतलेल्या सलीम अली यांना नोकरी नव्हती. किहीमला राहात असता त्यांनी तेथील सुगरणींची वसाहत न्याहाळली आणि १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मग तो ते पुरे करितो, आणि ती अंडी उबवू लागली की तो दुसरे घरटे विणावयास घेऊन दुसऱ्या मादीला बोलावितो, हा क्रम त्यांनी मांडला. हैदराबाद संस्थान व त्रावणकोर-कोचीन येथील पुढच्या पाहण्यांत त्यांनीही नमुन्यांसाठी बंदूक वापरली. परंतु किहीमच्या वसाहतीत मारलेल्या नराकडून रंग, माप आणि फार तर पोटातील दाणे कळले असते, त्याने आरंभलेल्या घरट्यांपैकी कोणती पुरी झाली आणि कोणती माद्यांनी नाकारली, हे कळण्यास तो जिवंत राहणे आणि पाहणाऱ्याने रोज येऊन बसणे, एवढ्या दोनच गोष्टी आवश्यक होत्या.