नजरबंदी उतरवणे : ‘डिग्लॅमराइज’ या शब्दाचा इतिहास

‘डिग्लॅमराइज’ हा शब्द आपण हल्ली सर्रास वापरतो. एखाद्या गोष्टीचे वलय काढून घेणे, एवढाच अर्थ आपण त्यातून घेतो. मात्र या शब्दाचा इतिहास फार बोलका आहे.

‘ग्लॅमर’ मूळचा स्कॉटलंडचा. अठराव्या शतकात तिथे त्याचा अर्थ सौंदर्य नव्हता, तर डोळ्यांवर टाकलेली जादू, म्हणजे आपल्याकडची नजरबंदी होता. वॉल्टर स्कॉटच्या लेखनामुळे तो इंग्रजीत रुळला. पुढे हॉलिवूडने त्याला झगमगाट दिला. आणि हा शब्द आला कुठून? ‘ग्रामर’मधून, म्हणजे व्याकरणातून! मध्ययुगीन युरोपात ग्रामर म्हणजे लॅटिन विद्या. ती मूठभरांच्या हातात होती. ज्यांना अक्षर कळत नव्हते, त्यांना पोथी वाचणारा माणूस मांत्रिक वाटे.

मित्रहो, ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? इथेही अक्षरबंदी आधी आली, नजरबंदी नंतर. ज्याला पोथी वाचूच दिली नाही, त्याला ती पवित्र वाटणारच. म्हणून जोतीराव-सावित्रीमाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, ती या जादूवरच घाव घालणारी होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा कागदासोबत त्या ग्रंथाची दहशतही जळाली. दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडला होता. लढा जातीच्या माणसाशी नव्हता, वलयाशी होता.

म्हणूनच डिग्लॅमराइज करणे म्हणजे बदनामी करणे नव्हे. बदनामी खोटे चिकटवते. हे काम चिकटवलेले खोटे काढते. त्यासाठी शिवी लागत नाही, वाचन लागते.

आता प्रश्न आपल्यालाच. १९४३ साली पुण्यात रानड्यांवरील व्याख्यानात बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कडक टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले, की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. तरीही आपण नेत्यांचे फ्लेक्स उंच करतो आणि बाबासाहेबांचे खंड कपाटात ठेवतो. न वाचलेले बाबासाहेब म्हणजे पुन्हा पोथीच.

जयंतीला डीजे जरूर लावा. पण त्याआधी प्रत्येक वस्तीत एक खंड उघडा, मोठ्याने वाचा, प्रश्न विचारा. नजरबंदी अक्षरानेच उतरते.

जय भीम!