सालबाई आणि पुणे : दोन तह

आरे कॉलनी ज्या साष्टी बेटावर वसली आहे, ते इंग्रजांनी १७७४ मध्ये जिंकले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिले. तथापि त्या तहात पेशव्यांची प्रतिष्ठा अबाधित राहिली व उभय सत्तांत सुमारे वीस वर्षे शांतता नांदली. १३ जून १८१७ चा पुण्याचा तह निराळा होता. एल्फिन्स्टनने पुण्यास फौजेचा वेढा घालून तो दुसऱ्या बाजीरावाकडून मान्य करविला. मोठा मुलूख तर गेलाच. शिवाय मराठेशाहीचे प्रमुखपद लेखी सोडावे लागले आणि गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा अपराधी त्रिंबकजी डेंगळे होय, हेही कबूल करावे लागले. मुलूख गमावूनही राज्यकर्त्यास राज्य करता येते. परंतु असे लेखी कबूल केल्यावर सरदारांपुढे त्याचा अधिकार उरत नाही, आणि युद्धावाचून अन्य मार्ग त्यास दिसत नाही. पाच महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबर रोजी, खडकीची लढाई झाली. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातील युद्धदोषाच्या कलमानेही जर्मनीत असाच सल निर्माण केला. यामुळे बाजीरावाचे दोष झाकले जात नाहीत. परंतु तहाची कठोरता मोजताना अभ्यासकाने मुलखाच्या आकड्यांइतकेच कलमांच्या शब्दांकडेही लक्ष दिले पाहिजे.