पडद्यावरची नीरा, फाटकाबाहेरची शांता आपटे

१/ देहूजवळचे, मावळातील सुदुंबरे. येथे संत संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून वारकरी परंपरा त्यांचे स्मरण करते. गाणाऱ्याबरोबर लिहिणाऱ्याचेही नाव जपणाऱ्या या परिसरातून आजचा प्रश्न विचारतो : तुकोबांना पडद्यावर आणणाऱ्या चित्रसृष्टीत स्त्रियांच्या श्रमाची नोंद कोणी ठेवली?

२/ सुरुवात १९१३ ची. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या.

३/ पडद्यामागे त्याआधीच एक स्त्री राबत होती. सरस्वतीबाई फाळके फिल्मला छिद्रे पाडत, चित्रीकरणाच्या कामात हातभार लावत आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. त्या कामाला ना पदनाम होते, ना पगार.

४/ पुढे बोलपट आला. पुण्याच्या ‘प्रभात’ने १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ काढला आणि गौरी यांची रोखठोक जिजाई घराघरांत पोहोचली. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये शांता आपटे यांनी नीरा साकारली : म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लावलेले लग्न मनाने न स्वीकारणारी तरुणी.

५/ दोनच वर्षांनी, जुलै १९३९ मध्ये, शांताबाई ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. वाद करार आणि पगाराचा होता. नीरेच्या बंडाला टाळ्या देणाऱ्या प्रेक्षकांसमोर आता नटीच्या हक्काचे बंड होते. तारका म्हणजे करारबद्ध कामगारही असते, हे त्या उपोषणाने उघड केले.

६/ १९४० मध्ये त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आले. शीर्षकातील प्रश्नचिन्ह महत्त्वाचे. झगमगाटाच्या पलीकडे हा व्यवसाय माणसाला कसा वापरतो, हे एका यशस्वी अभिनेत्रीने स्वतः लिहिले. स्वतःची लेखनिक तीच झाली.

७/ मग संघटना आल्या की प्रश्न सुटतो? नेहमीच नाही. मुंबईतील वेशभूषा, रंगभूषा व केशभूषा कलाकारांच्या संघटनेचा नियम अनेक दशके असा होता : मेकअप पुरुषांनीच करावा, स्त्रियांनी केशभूषा करावी. सदस्यत्वाचे कार्ड नसेल तर सेटवर काम करणे अवघड. संरक्षणासाठी उभारलेली भिंतच स्त्रियांना बाहेर ठेवत होती.

८/ चारू खुराना यांच्यासह काही रंगभूषाकार स्त्रिया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर तब्बल १०१ वर्षांनी!

९/ २०१७ मध्ये केरळात एका अभिनेत्रीवरील अत्याचारानंतर ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ उभे राहिले. त्यांच्या मागणीतून न्या. हेमा समिती नेमली गेली. तिचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारकडे गेला. जनतेसमोर आला तो ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही भाग वगळून. लिहिलेलेसुद्धा असे साडेचार वर्षे कुलूपबंद राहू शकते.

१०/ म्हणून ‘पहिली अभिनेत्री कोण?’ या प्रश्नावर थांबू नये. तिचा करार कोणाच्या हाती होता, पगार अडला तेव्हा तिच्या शेजारी कोण बसले, हेही विचारावे. पुढच्या वेळी ‘कुंकू’ पाहाल, तेव्हा नीरेबरोबर फाटकाशी बसलेल्या शांताबाईंचीही आठवण ठेवा.