मुक्कामाची विद्या

मुलींचे एका रात्रीचे शिबिर न्यावे असा विषय यंदा आपल्या मंडळात निघाला, तेव्हा दोन पक्ष पडले. काहीजणी म्हणाल्या, पोरींनी उघड्यावर रात्र काढायची ही शहरातली नवी हौस, ती आपल्याला कशाला? काहीजणी म्हणाल्या, न्या खुशाल, पण त्यांना शिकवणार कोण? मला दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट सारखीच दिसली. मुक्काम ठोकण्याची विद्या बाहेरून आली, असे सगळ्यांनीच धरले होते. ते तसे नाही, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

आपल्या भाषेतले शब्दच बघा. डेरा मोठ्यांचा, राहुटी शिपायाची, पाल गरिबाचे. तळ पडतो, छावणी पडते, बिऱ्हाड उतरते. आणि कनात म्हणजे आडोशाला उभा केलेला कापडी पडदा. घरात बसून राहणाऱ्या लोकांना इतके शब्द लागत नाहीत.

छत्रपती शिवाजी महाराजांचे सैन्य दसऱ्याला बाहेर पडे आणि पावसाळ्यात छावणीला परत येई. चिपळूणजवळच्या अशा एका छावणीतल्या अधिकाऱ्यांना राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात एक पत्र गेले आहे. रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नये, याबद्दल ते पत्र प्रसिद्ध आहे. पण घर चालवणाऱ्या बाईने वाचले तर तिला त्यात आणखी काही सापडते. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच मन मानेल तशी उधळू नका, नाहीतर पुढे घोडी उपाशी मरतील, असे त्यात बजावले आहे. गवताच्या गंजींजवळ कोणी चुली पेटवील, कोणी चिलमीला विस्तव नेईल, कोणी रात्री दिवा तसाच ठेवून झोपेल आणि उंदीर पेटती वात पळवील, मग गवत जळेल आणि घोडीही जातील, अशी काळजी त्यात आहे. एवढ्या मोठ्या राजाला उंदराने नेलेली वात सुचते, याचे मला फार नवल वाटते. आजीने सुनेला सांगावे तसे ते सांगणे आहे. शिबिराला निघालेल्या मुलीला पहिला धडा हाच द्यावा: शिधा मोजून काढायचा, आणि विस्तव विझल्याशिवाय अंग टाकायचे नाही. नुसती माती लोटून भागत नाही. पाणी ओतायचे, काठीने ढवळायचे आणि पुन्हा ओतायचे.

त्या काळच्या सैन्याबरोबर बायका नेण्याची सक्त मनाई होती, आणि सामानही बेताचे असे. पुढे हा शिरस्ता राहिला नाही. १७६० साली उत्तरेस गेलेल्या मराठी फौजेबरोबर बायकामुले होती आणि यात्रेकरूही पुष्कळ होते. पानिपतावर नोव्हेंबरपासून अडीच महिने तळ अडकून पडला, रसद तुटली, माणसे आणि जनावरे उपाशी राहिली, आणि १४ जानेवारी १७६१ ला काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. पुष्कळजण दोष बायकांवर ढकलतात. मला ते पटत नाही. खाणारी तोंडे किती आणि दाणा कुठून येणार, हा हिशेब नेणाऱ्याने करावयाचा असतो. त्या बायकांपैकी फार थोड्यांची नावे उरली. त्यांनी थंडीत चुली कशाने पेटवल्या आणि आडोसा कशाचा केला, ते कोणी लिहून ठेवले नाही.

एक नाव मात्र आपल्या शेजारचे आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई या अभोण्याच्या ठोके देशमुखांची लेक. सप्तशृंगी गडाच्या जुन्या पायऱ्या त्यांनी १७१० साली बांधविल्या असे सांगतात. १७३१ साली त्यांचे पुत्र त्र्यंबकराव डभईच्या लढाईत पडले. त्यानंतर उमाबाई स्वतः फौज घेऊन गुजरातेत अहमदाबादेपर्यंत गेल्या. कुठे सासरचे तळेगाव आणि कुठे अहमदाबाद! वाटेतल्या इतक्या मुक्कामांना त्या डेऱ्यात राहिल्याच असणार. आपल्या भागातली लेक हे सारे करून गेली, आणि आपण एका रात्रीचा विचार करतो आहोत.

पण फौजेपेक्षा यात्रेने बायकांना अधिक शिकवले. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत गडाची यात्रा भरते. खानदेशातले लोक मालेगावाकडून आपल्या देवळ्यावरून कळवण, नांदुरी करीत पायी जातात. पूर्वी बैलगाड्याही असत. जू उतरले की पुरुष बैलांकडे बघत आणि बायका जागा बघत. जमीन किंचित उताराची हवी, पण झोपताना डोके वरच्या अंगाला. झाडाची सावली चांगली, मात्र वर वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ नाही ना, हे मान वर करून बघायचे. मोहोळाखाली धूर केला तर पळता भुई थोडी होते. चूल तीन दगडांची. दगड नदीतले ओले घेऊ नयेत, तापले की ते फुटतात. वाऱ्याकडे आडवा दगड, आणि बिछाने वाऱ्याच्या वरच्या बाजूस, म्हणजे ठिणगी अंथरुणावर येत नाही.

चैत्रात नदी आटलेली असते. तेव्हा वाळूत हात-दीड हात झिरा खणायचा, पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे आणि मग निवळलेले भरायचे. आता मात्र ते उकळूनच प्यावे, कारण नद्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. पिण्याचे पाणी प्रवाहाच्या वरच्या अंगाला, धुणे खाली, आणि परसाकडची जागा पाण्यापासून पुष्कळ लांब व खालच्या बाजूस. वाळू मऊ लागते म्हणून गिरणेच्या पात्रात कोणी अंथरूण टाकू नये. वर चणकापूर धरणातून आवर्तन सुटले की कोरड्या पात्रातही पाणी येते.

शिधा म्हणाल तर पहिल्या दिवशी दशम्या. पाण्याऐवजी दुधात भिजवल्यामुळे त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. चूल पेटली नाही तरी कोणी उपाशी निजत नाही.

आणि आडोसा. खरी अडचण हीच होती आणि आहे. पहाटे अंधारात उठायचे, नाहीतर दिवस मावळेपर्यंत थांबायचे, पाणी कमी प्यायचे, असे करीत आपल्या आज्यांनी यात्रा केल्या. उन्हात चालताना पाणी न पिणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे. पंढरीच्या वाटेवर अलीकडे फिरती शौचालये ठेवतात, ते फार बरे झाले. आपल्या शिबिराचा पहिला खांब रोवायचा तो याच कनातीचा. स्वयंपाकाची जागा त्यानंतर.

शाळेतल्या मुली गाइडचे नाव घेतात, म्हणून तेही सांगते. बेडन पॉवेल साहेबांनी १९०७ साली इंग्लंडात ब्राउनसी बेटावर वीसेक मुलग्यांचे शिबिर नेले. मुलींना त्यात बोलावणे नव्हते. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलग्यांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली आपण होऊन तिथे हजर झाल्या. १९१० साली त्यांच्यासाठी वेगळी संघटना निघाली, आणि १९११ साली आपल्याकडे जबलपूरला पहिले पथक झाले. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली, आणि पुढच्या वर्षी गाइडच्या मुली तिच्यात आल्या. म्हणजे तिथेही मुलींना पुढे होऊन जागा मिळवावी लागली. त्यांच्या गाठी आणि शिट्ट्या आपल्या मुलींनी जरूर शिकाव्यात. दोरीची चांगली गाठ मला गाड्यावरच्या दोरखंडामुळे येते, पण त्यांच्या गाठी सुटायला सोप्या असतात.

आता जागेचे. मुली धोडपचे नाव घेतात. १७६८ च्या जूनमध्ये राघोबादादांचा तळ त्याच किल्ल्यापाशी होता आणि माधवराव पेशव्यांनी तिथे त्यांचा पराभव केला. जागा पाहण्याजोगी आहे, पण पहिल्या रात्रीसाठी नको. पहिली रात्र गावाजवळ, विहीर असलेल्या एखाद्या मळ्यात काढावी, जिथून हाक मारली तर वस्तीवर ऐकू जाते. पायी गडावर जाऊन आलेल्या आपल्यातल्या दोघी वडीलधाऱ्या बायका बरोबर घ्याव्यात. त्या शिकवतील. प्रत्येक मुलीने तासभर स्वतः उचलून चालता येईल एवढेच सामान घ्यावे: एक घोंगडी, एक ताट, तांब्या आणि बॅटरी. सकाळी अंथरूण व चपला झटकून बघायच्या, विंचू उबेला येतो.

तारीख अजून ठरलेली नाही. कनातीसाठी माझ्याकडची दोन जुनी नऊवारी लुगडी मी काढून ठेवली आहेत. चार बांबू कोणाकडे असतील तर कळवावे.