तिसरे चाक आणि वाटेवरचे प्रश्न

दोन चाकांचे वाहन रस्त्याने जात असता कोणी थांबून पाहत नाही. चार चाकांचे गेले, तर पाहणारा फार तर त्याच्या किमतीचा अंदाज मनातल्या मनात बांधतो. तीन चाकांचे अनोळखी वाहन मात्र थांबले की त्याच्याभोवती माणसेही थांबतात. 'ही कुठली गाडी?', 'कितीला पडली?', 'लिटरला किती जाते?', आणि विचारणारा जरा धीट असला तर 'वळणावर उलटत नाही का?' आपल्या सिल्वासात हे प्रश्न मराठीतून येतात, गुजरातीतून येतात, हिंदीतून आणि वारलीतूनही येतात. त्यांचा क्रम मात्र सहसा बदलत नाही. वाहनांच्या इतिहासात इंजिने, कारखाने आणि परवाने यांची नोंद होते. बघ्यांची होत नाही. तीनचाकीच्या बाबतीत ही उणीव मोठी आहे, कारण या वाहनाचे भवितव्य पुष्कळदा बघ्यांच्या प्रश्नांना काय उत्तर मिळाले यावर ठरले आहे.

जगातील पहिली पेट्रोल मोटार म्हणून जिचा मान मानला जातो ती कार्ल बेंझ यांची १८८६ ची गाडी तीनचाकीच होती. पुढची दोन चाके एकाच वेळी नीट वळविण्याची युक्ती त्यांच्या मनासारखी साधली नव्हती, म्हणून त्यांनी पुढे एकच चाक बसविले. लोकांनी गाडी पाहिली, पण विकत कोणी घेईना. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीला न सांगता, मानहाइमहून फॉर्त्सहाइमपर्यंत शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर त्या गाडीने गेल्या. वाटेत वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून इंधन घेतले. गावोगावच्या कुतूहलाला बाईंनी वादाने उत्तर दिले नाही. गाडी त्यांच्या दारावरून नेली, एवढेच.

तीन चाकांच्या स्थैर्याचे रहस्य आपल्या आज्यांना ठाऊक होते. चूल तीन दगडांची मांडतात, कारण तीन टेकू उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाहीत. पण चूल वळण घेत नाही. वेगात वळताना पुढे एकच चाक असलेली गाडी बाहेरच्या अंगाला कलते, हेही तितकेच खरे. तेव्हा 'उलटत नाही का' हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून झिडकारता येत नाही. बघ्याला यंत्रशास्त्र येत नसले तरी त्याची नजर नेमक्या जागी पडलेली असते.

आता महाराष्ट्रातल्या प्रकरणाकडे येऊ. नवलमल कुंदनमल फिरोदिया हे अहमदनगरचे. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले, पेशाने वकील, आणि घराणे सार्वजनिक जीवनात मुरलेले. वडील कुंदनमल हे १९४६ पासून १९५२ पर्यंत मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्या काळी माणसाने माणसाला ओढावे ही गोष्ट अमानुष आहे, असे मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांचे मत होते, आणि ते त्यांनी जाहीरपणे मांडलेही होते. ते फिरोदियांच्या वाचनात आले. त्याच सुमारास एका व्यापारी नियतकालिकात त्यांनी इटलीतील पियाज्जिओ कंपनीच्या तीनचाकी मालगाडीचे चित्र पाहिले. व्हेस्पा स्कूटरचा आराखडा करणाऱ्या कोरादिनो दास्कानिओ यांनीच ती गाडी १९४७ मध्ये आखली होती. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. या गाडीचे नाव 'आपे', म्हणजे मधमाशी. पुढे मोटारसायकलीसारखा हँडल, मागे दोन चाकांवर माल ठेवण्याची पेटी, असे तिचे रूप. युद्धाने मोडलेल्या इटलीत लहान दुकानदाराला परवडेल असे वाहन हवे होते, त्यातून ती जन्मली. माणसे बसविण्याचा विचार तिच्यात नव्हता.

फिरोदियांनी एक स्कूटर आणि एक मालवाहू तीनचाकी आयात केली, आणि मालाच्या जागी माणूस बसेल असा फेरफार करवून घेऊन १९४८ मध्ये ती मोरारजींना दाखविली. मोरारजींसारख्या काटेकोर माणसापुढे असे विचित्र वाहन न्यायचे म्हणजे एका अर्थाने सर्वांत अवघड बघ्यापुढे उभे राहणे होते. ही मोटार आहे की मोटारसायकल? टांग्याच्या नियमात बसते की टॅक्सीच्या? भाडे घेणार तर कोणत्या दराने? कायद्याच्या चौकटीत जे बसत नाही ते रस्त्यावरही बसत नाही, हे वकिलाला सांगावे लागत नाही. फिरोदियांचे उत्तर नावातच होते : ऑटोरिक्षा. या शब्दाकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. 'रिक्षा' हे जपानी 'जिनरिकिशा'चे उरलेले शेपूट. जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. परदेशी जिभांनी त्यातला माणूस आधीच गाळला होता. नव्या जोडशब्दाने तो प्रत्यक्षातही गाळला. ज्या वाहनाची लाज वाटत होती त्याचेच नाव घेऊन, त्यातला लाजिरवाणा भाग काढून टाकला आहे, असे हे नाव पहिल्याच ऐकण्यात सांगत होते. परवानगी मिळाली आणि पुण्याच्या रस्त्यांवर रिक्षा आली. बजाज घराण्याच्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून आयात केलेल्या दुचाक्या व तीनचाक्या विकण्यास आरंभ केला, आणि १९५९ मध्ये त्या येथे बनविण्याचा सरकारी परवाना बजाजांना मिळाला. (माणसाने ओढायची रिक्षा मात्र आपल्या माथेरानमध्ये त्यानंतरही कित्येक दशके चालू राहिली, सहा महिन्यांत ती बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावे लागले.)

रिक्षेविषयीचे कुतूहल विरले कसे, याचे उत्तर माझ्या मते नावाइतकेच आसनात आहे. विचारणाऱ्याला तिच्यात बसता येत होते. आज तो बघ्या, उद्या तो गिऱ्हाईक. जो टांग्याच्या भाड्याशी तुलना करीत बसून घरी पोहोचला, त्याच्या मनात वाहनाविषयी प्रश्न उरत नाहीत. उरतो तो मीटरविषयी, आणि तो पुण्यात आजही मिटलेला नाही.

हीच गोष्ट इतर तीनचाक्यांची. फिरोदिया आणि बजाज यांनी १९५८ मध्ये गोरेगावला हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने 'हान्सिआट' ही बेडकासारख्या तोंडाची तीनचाकी बनवायला घेतली. लोकांनी जर्मन आडनाव बाजूला ठेवले आणि कंपनीचे नाव उचलून जातिवाचक करून टाकले. हान्सिआट २००० साली बंद झाली, तरी कोणत्याही छोट्या मालगाडीला आपण अजून टेम्पोच म्हणतो. शेजारच्या सौराष्ट्रात मोटारसायकलीचे धूड पुढे आणि फळ्यांचा हौदा मागे, अशी जी जोडगाडी निघाली तिला 'छकडो' म्हणतात. मराठीतला छकडा म्हणजे हलकी बैलगाडी; शब्द तोच, बैल तेवढा बदलला. दिल्लीत दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या हार्ले डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे बाके जोडून 'फटफटी' चालत, त्या प्रदूषणाच्या कारणावरून १९९८ मध्ये रस्त्यावरून गेल्या. या सर्वांना घरगुती नावे मिळाली आणि सर्वांत अनोळखी माणसाला जागा होती. साईडकारचे तर काही विचारायलाच नको. १९७५ च्या 'शोले'ने तिला एवढी प्रतिष्ठा दिली की पुढे कितीतरी वर्षे स्कूटरला साईडकार लावलेले कुटुंब गावात शिरले की मुलेच ओरडून तिची ओळख करून देत.

एक तीनचाकी मात्र अशी आहे की तिच्याविषयीचे प्रश्न कधी संपले नाहीत. अपंग चालकासाठी बाजूला चाके जोडलेली स्कूटर. काटेकोरपणे मोजली तर तिची चाके बहुधा चार भरतात, कारण मूळचे मागचे चाक जागेवर ठेवून दोन्ही अंगांना एकेक बसवितात. पण लोक तिला तीनचाकीच म्हणतात आणि मीही तेच म्हणेन. या गाडीत पाहणाऱ्यासाठी काही नाही. ती भाड्याने मिळत नाही, तिच्यावर माल येत नाही. म्हणून कुतूहलाला गाडीत जागा मिळत नाही आणि ते चालकाकडे वळते. 'ही कुठली गाडी?' या प्रश्नाच्या मागोमाग 'पायाला काय झाले?' हा प्रश्न येतो, तो याच वाटेने.

कायद्यानेही या वाहनाला बरे नाव दिले नव्हते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आणि नंतर १९८८ च्याही कायद्यात त्याची संज्ञा 'इनव्हॅलिड कॅरेज' अशी होती. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ दुर्बळ असाही होतो आणि रद्दबातल असाही. 'अडॅप्टेड व्हेइकल', म्हणजे गरजेनुसार घडविलेले वाहन, ही संज्ञा २०१९ च्या सुधारणेने आली. म्हणजे ऑटोरिक्षेला जे नाव रस्त्यावर उतरतानाच लाभले होते तसे काही या गाडीला मिळायला सत्तर वर्षे अधिक लागली. त्या दरम्यान पोलिओने पाय गेलेल्या पिढ्या वाढल्या, नोकऱ्या करून निवृत्तही झाल्या. भारत पोलिओमुक्त झाल्याचे २७ मार्च २०१४ रोजी जाहीर झाले.

माझे थोरले बंधू त्या पिढीतले. सिल्वासाहून नरोलीच्या शाळेत शिकवायला जात. बरीच वर्षे क्रमांकाची वाट पाहून मिळालेल्या चेतकला वापीच्या एका मिस्त्रीने चाके जोडून दिली आणि पायाचा ब्रेक हातात आणून दिला. किक मात्र पायाचीच राहिली, आणि त्यांचा उजवा पाय अधू. गाडी बंद पडली की दमणगंगेच्या पुलाच्या अलीकडे ते थांबत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारीत, 'भाऊ, जरा किक मारता का?' किक मारणारा अर्थातच आधी गाडी निरखून पाहणार, मग पाय. बंधूंना राग येई, पण दाखविता येत नसे; ज्याच्या पायावर आपण चालू होणार त्याला तुटक उत्तर देणे परवडत नाही. बारा ते चौदा वाक्यांत पोलिओची सारी हकिकत सांगण्याचा त्यांना इतका सराव झाला होता की घरी ते ती नक्कल करून दाखवीत. आम्ही हसत असू. ते हसत, पण शेवटचे एकदोन वाक्यांत थांबत.

पुढे १९८० च्या दशकात कायनेटिक होंडा आली. गिअर नाही आणि बटण दाबले की सुरू. ही गाडी बनविणारेही फिरोदियांच्याच घरातले, हा योगायोग मला अजून गंमतीचा वाटतो. अपंगांसाठी ती बनविलेली नव्हती, जशी 'आपे' माणसांसाठी बनविलेली नव्हती. पण त्या एका बटणाने बंधूंची वाटेवरच्या माणसांपासून सुटका केली. आता उत्तर द्यायचे की नाही, हे त्यांच्या हातात आले. पहिले काही महिने त्यांनी कोणालाच उत्तर दिले नाही. गाडीभोवती माणसे जमली की बटण दाबून निघून जात, आणि घरी आल्यावर किती जणांना मागे टाकले ते सांगत. मला ते त्या वेळी उद्धटपणाचे वाटले होते. आज वाटते, वीस वर्षांची थकबाकी वसूल होत होती.

सिल्वासासारख्या गावी हे फार काळ टिकणे कठीण. आपले गावच प्रश्नांवर वसलेले आहे. २ ऑगस्ट १९५४ नंतर पोर्तुगालने आपल्या या दोन तुकड्यांकडे जाण्याचा हक्क मागत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, त्याचा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. कोणी जावे, काय घेऊन जावे, कोणत्या हक्काने जावे, याचाच खल तेथे वर्षानुवर्षे चालला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सैन्याला नव्हती, असे न्यायालय म्हणाले. नंतर आपली घरे आली. कोणी शिक्षक म्हणून, कोणी कचेरीत, कोणी जंगल खात्यात. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने पन्नास वर्षे ऐकला, आणि कारखाने आल्यावर उत्तरेकडून आलेल्या मजुरांना आपणही तो विचारू लागलो. आपल्याला विचारला की तो आगाऊपणा, आणि आपण विचारला की ती चौकशी!

बंधूंनी अखेरीस जी रीत काढली ती फिरोदियांच्या रीतीहून फार वेगळी नव्हती, जरी ती त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. किलवणी नाक्यावर कोणी 'ही कुठली गाडी?' म्हणून विचारले की ते मागच्या आसनाकडे बोट करीत आणि म्हणत, 'बसा, नरोलीकडेच निघालोय. वाटेत सांगतो.' काही जण ओशाळून जात. पुष्कळ जण बसत. बसलेल्या माणसाला पहिल्या वळणावर गाडी उलटत नाही हे कळे, आणि मग बोलणे दुसरीकडे वळे : मुलाला मराठी शाळेत घालावे की गुजराती, दादऱ्याच्या कारखान्यात भरती आहे का, मधुबन धरणाचे पाणी यंदा सोडले की नाही, भिलाडची गाडी किती वाजता. पुलावरून जाताना वारा इतका असे की मागच्याला ओरडून बोलावे लागे. नरोलीच्या बाजारात उतरताना एकाने भाडे विचारले, तेव्हा बंधूंनी त्याच्याकडून सुटे दोन रुपये घेतले आणि घरी येऊन ते देवापुढे ठेवले.