आज्ञावलीच्या अवस्थांचीं नांवें

माणसाच्या बाल्य, तारुण्य, वार्धक्य या अवस्थांस नांवें देतांना कोणी अडखळत नाहीं. संगणकाच्या आज्ञावलीचें तसें नाहीं. ती माणसाच्या हातून लिहिली जाते, यंत्राच्या भाषेंत उतरते, तिला जरूर ते भाग जोडले जातात, ती यंत्राच्या स्मृतींत भरली जाते आणि मग चालूं लागते. यांपैकीं कोणत्या टप्प्यास काय म्हणावें याचा इतिहास मोठा गंमतीचा आहे. आणि त्यांत ‘कंपायलर’ या शब्दाइतका वाट बदललेला शब्द क्वचितच सांपडेल.

केंब्रिज येथील एड्सॅक यंत्र ६ मे १९४९ रोजीं प्रथम चाललें. तेथें वारंवार लागणाऱ्या छोट्या आज्ञावली कागदी फितींवर छिद्रें पाडून कपाटांत जपून ठेवीत, आणि नवें काम निघालें म्हणजे हव्या त्या फितींची नक्कल उतरून घेत. अमेरिकेंत ग्रेस हॉपर या विदुषीनें हा खटाटोप यंत्राकडेच सोंपविला. युनिव्हॅक यंत्रासाठीं १९५१-५२ च्या सुमारास त्यांनीं रचलेल्या ‘ए-०’ पद्धतींत साठ्यांतील कोणते तुकडे, कोणत्या क्रमानें हवेत एवढें सांगितलें, कीं यंत्र ते गोळा करून एक सलग आज्ञावली सिद्ध करी. ठिकठिकाणचें लेखन एकत्र करून ग्रंथ तयार करणाऱ्यास इंग्रजींत जें म्हणतात, तेंच नांव या व्यवस्थेस मिळालें. तें चपखल होतें. मराठी ‘संकलक’ हा शब्दही तिला तितकाच शोभला असता.

पुढें १९५७ सालीं आय्. बी. एम्. च्या ७०४ यंत्रासाठीं जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं फोर्ट्रान सिद्ध केली. बीजगणिताच्या वळणानें लिहिलेल्या सूत्रांचें यंत्रभाषेंत भाषांतर करणें, हें तिचें मुख्य काम. त्यांच्या त्या वर्षींच्या निबंधाच्या शीर्षकांत तिला ‘स्वयंचलित संकेतन-पद्धति’ म्हटलें आहे. पण अशा भाषांतरकारास लोकांच्या तोंडीं ‘कंपायलर’ हेंच नांव रुळलें. तुकडे जोडण्याचें मूळ काम ‘लिंकर’ व ‘लोडर’ या नांवांकडे गेलें. घर बांधलें एकानें, राहावयास गेला दुसरा!

हा केवळ शब्दच्छल आहे असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. कारण चूक कोणत्या अवस्थेंत उघडकीस येते, यावर तिची किंमत ठरते. ४ जून १९९६ रोजीं युरोपचा एरियन-५ अग्निबाण उड्डाणानंतर सुमारें चाळीस सेकंदांत नष्ट झाला. चौसष्ट बिटांची एक संख्या सोळा बिटांच्या जागेंत मावली नाहीं. भाषांतराच्या वेळीं त्या आज्ञेंत वावगें असें कांहीं दिसण्याजोगें नव्हतें. संख्या किती फुगेल हें उड्डाणांतच ठरावयाचें होतें. तोच भाग आधींच्या एरियन-४ वर बिनबोभाट चालला होता.

म्हणून मराठींत मी ‘संकलनकाल’ न म्हणतां ‘भाषांतरकाल’ आणि ‘चालनकाल’ अशी जोडी पसंत करीन. अडचण १९९५ सालीं आलेल्या जावा भाषेची. तिचें प्रथम एका मधल्या भाषेंत रूपांतर होतें, आणि त्या मधल्या भाषेचें यंत्रभाषेंत रूपांतर पुष्कळदां आज्ञावली चालूं असतांनाच होतें. तेथें ‘भाषांतरकाल’ म्हणतांना पहिला कीं दुसरा, हें प्रत्येक वेळीं सांगावेंच लागेल.